दोन बोटं बार

धान्याच्या मोंढ्यात कुठलाही मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, मग तीन. बाकीचे मापाडी हा लाभ लांबवून, गाऊन म्हणत. बन्सी तो तोंडातून टाकून द्यायचा, दाताखाली आलेलं कुसळ थुंकावं तसा. तरी शेतकरी त्याच्याच काट्यापुढं रांग लावायचे. तो दर वजनाआधी पारड्यावर फुंकर मारी. लोखंडी वजन उलटं करून बुडातलं शिसं जागेवर आहे का ते बघे. पारडं स्थिर होईपर्यंत हात मागे बांधून उभा राही, आणि स्थिर झालं तरी आणखी थोडा वेळ उभाच राही.

“बन्सीचा काट्यावर इश्वास नाय,” हमाल म्हणायचे. “त्याला वाटतंय काटा कायतरी लपवून ऱ्हायला.”

फुलंब्रीहून सकाळच्या मोटारीनं तो औरंगाबादला यायचा आणि दिवस कलायच्या सुमाराला परत जायचा. वय चाळिशीच्या अलीकडे. अंगानं वाळका, बोटं तर बायकांसारखी बारीक. त्याच्या बायकोचं, साळूबाईचं, म्हणणं होतं की हा माणूस जेवतोसुद्धा उभ्यानं जेवल्यासारखा. पाटावर बसायचा, पण एक गुडघा वर, टाच जमिनीवर टेकलेली. कुणी हाक मारली की उठता यावं. हाक कुणी मारत नसे.

घरात दोन चुली होत्या. एक त्याची, एक थोरल्या भावाची. सांडू विहिरी खणायचा. आसपासच्या दहा गावांत त्यानं खणलेल्या विहिरी होत्या, आणि तो बाजारला निघाला की वाटेतल्या विहिरींत डोकावून जायचा, पोरीबाळींच्या घरी डोकवावं तसा. त्याचे हात पहारीनं घडवलेले होते. तळवा रुंद, बोटं आखूड आणि जाड, नखं पसरट. दोघं भाऊ शेजारी बसले की हे एकाच आईचे आहेत असं सांगावं लागे. शेत मात्र एकच, नदीकडचं, आणि त्या शेताच्या राखणीसाठी एक बंदूक.

बंदुकीची गोष्ट अशी. बन्सीचा बाप नानासाहेबांच्या शिकारीत हाकारा करायचा. नानासाहेब म्हणजे गावचे जुने जमीनदार. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा सगळ्यांच्या बंदुका चावडीत जमा झाल्या. दोनतीन वर्षांनी ज्यांच्या त्यांना परत मिळाल्या. काही मिळाल्या नाहीत. नानासाहेबांची एक मिळाली, पण तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी बन्सीला बोलावलं आणि पीकराखणीच्या परवान्यावर ती त्याच्या नावावर करून दिली. बाप तर गेलाच होता. त्याच्या चाकरीच्या मोबदल्यात असेल, किंवा बंदूक परक्याकडे जाऊ नये म्हणून असेल.

ठासणीचीच बंदूक, पण गावातल्या इतर ठासणीच्या बंदुकांसारखी नव्हे. त्या जाडजूड. नळीत अंगठा जाईल. मूठभर छर्रे ओतायचे, ठासायचे आणि बार उडवायचा. दहातला एक छर्रा तरी लागतोच. ही हलकी, एका हातानं उचलावी अशी. नळीत करंगळीचं टोकसुद्धा नीट जात नसे. आणि नळीच्या आत पिळाचे खाचे होते. हिला एकच गोळी लागे. तेला-मेणात भिजवलेली चिंधी नळीच्या तोंडावर ठेवायची, तिच्यावर वाटाण्याएवढी शिशाची गोळी, आणि दोन्ही मिळून गजानं खाली दाबायचं. गोळी पिळातून फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. गावातले लोक तिला काडी म्हणत. “बन्सीची काडी. तिच्यानं दात कोरावेत.”

काडीबरोबर नानासाहेबांनी गोळ्यांचा साचा दिला, बार पेटवणाऱ्या टोप्यांची पितळी डबी दिली, आणि एक वाक्य दिलं.

“दोन बोटं बार. त्याच्यावर नाही.”

हे सगळ्यांना कळण्यासारखं होतं. या मुलखात बार बोटांनीच मोजतात. रिकाम्या नळीत गज सोडला की त्याचं वरचं टोक नळीच्या तोंडाशी येतं. दारू ओतून सोडला की दारूच्या उंचीएवढा वर राहतो. जेवढा वर राहिला त्याला बोटं आडवी लावायची. मोठ्या बंदुकांना चार बोटं, पाच बोटं. काडीला दोन. नानासाहेब पुढच्याच वर्षी वारले.

पाच वर्षं काडी चांगली वागली. बार बन्सीच भरायचा, बन्सीच उडवायचा. दोन डुकरं, एक कोल्हा, बाकी नुसते आवाज.

मग गेल्या सालचा दसरा झाला आणि भुईमूग काढणीला आला. डुकरं नदीतल्या शिंदीच्या बनात उतरली होती. त्या दिवशी मोंढ्यात आवक फार होती. बन्सी मोटारीतून उतरून परस्पर शेतात पोहोचला तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. सांडू बांधावर काठी घेऊन उभा होता. काडी त्यानं घरून आणली होती.

“भरून ठिवलीया,” तो म्हणाला. “दोन बोटं, तुझ्या नानासायबाच्या हिशेबानं. चढ वर.”

सांडूनं काडी त्याआधी कधी भरली नव्हती, पण शेजाऱ्यांच्या बंदुका पुष्कळ भरल्या होत्या. बन्सी राखणीच्या माळ्यावर चढला. थोड्या वेळानं डुक्कर निघालं. एकटं, मोठं. चाळीस पावलांवर ते आडवं उभं राहिलं आणि जमीन उकरू लागलं. बन्सीनं पुढच्या पायामागं नेम धरला. त्याला आठवतं ते असं: डोळ्यापुढं नळीच्या टोकावरची नेमाची माशी, माशीच्या टोकावर डुकराची काळी बरगडी, आणि छातीत अगदी शांत. चाप ओढल्यावर काडी खांद्यावरून उसळली. धूर गेला. डुक्कर पडलेलं नव्हतं. ते वळलं होतं आणि बांधाकडे निघालं होतं.

सांडूला पळायला वेळ मिळाला नाही. मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाटलं. त्याला बैलगाडीतून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून मोटारीनं शहरात. दोन महिन्यांनी तो घरी आला. पाय वाचला होता, पण गुडघा दुमडेना. न दुमडणाऱ्या गुडघ्यानं विहिरीत उतरता येत नाही.

डुक्कर तिसऱ्या दिवशी नाल्यात मेलेलं सापडलं. बन्सी बघायला गेला. त्यानं वास सहन करत भोक शोधलं. ते पुढच्या पायामागं नव्हतं. वीतभर वर, पाठीच्या चरबीत होतं.

सांडू बन्सीला कधी वाकडं बोलला नाही. बघायला येणाऱ्यांना मात्र तो सांगायचा, शांतपणे, हवापाणी सांगावं तसं: “बन्सीचा नेम चुकला.” लोक मान हलवत. बन्सी तिथंच बसलेला असे. सांडूची बायको आवडाबाई मात्र शांत नव्हती. ती भांडं आपटून बोलायची.

“भावजी, मोंढ्यात रत्तीचा फरक धरता म्हनं तुमी. आन् घरच्या मानसाला वीतभर?”

“वैनी…”

“वैनी काय? डुक्कर दिसलं नाय का? एवढं म्हशीएवढं डुक्कर!”

ती वहिनी होती, तिला बोलायचा हक्क होता. बन्सी ऐकून घ्यायचा आणि उठून बाहेर जायचा. मोंढ्यात उभा राहिला की त्याला पारड्याऐवजी ती काळी बरगडी दिसायची. नेम धरताना हात हलला होता का? त्याला तर हललेला आठवत नव्हता. पण हललेला हात स्वतःला आठवतो का? रोज तो याच हातानं वजन करत होता. कुणी विचारलं नाही, तरी त्याला वाटे की रांगेतला प्रत्येक माणूस त्याच्या हाताकडेच बघतोय.

माघात सांडू म्हणाला, “अवंदा भुईमुगात पुन्हा बसू. मी माळ्याखाली बसतो, तू वर.”

बन्सी हो म्हणाला. भावाला खाली बसवून वरून पुन्हा चाप ओढायचा, तर आधी एक गोष्ट कळायला हवी होती. चुकला तो हात की बार? हात असेल तर काडी परत जमा करायची आणि पुन्हा शिवायचीसुद्धा नाही. बार असेल तर बार दुरुस्त करता येतो. एवढाच प्रश्न होता, आणि तो डोक्यात दिवसभर माशीसारखा फिरायचा.

शहरात एक बंदूक दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री होता. एका दुपारी मोंढ्यातून सुटून बन्सी त्याच्याकडे गेला. मिस्त्रीनं नळीत आरशानं ऊन पाडून आत बघितलं. मग बोळा लावून गज फिरवला, चाप ओढून पाहिला.

“बंदूक में कुछ खोट नै,” तो म्हणाला. “नाजुक चीज है मियाँ. हलकी है, नली बारीक है. इसकू ठूँस ठूँस के नक्को खिलाओ. उछलती फिर.”

“किती खिलाऊ?”

“ये मैं कैसे बोलूँ? हर बंदूक का पेट अलग. तुम बैठो, थोडा थोडा बढा के देखो. जहाँ गोली पे गोली बैठी, वोच उसका खाना. फिर हर बार उत्ताच. दाना कम नै, दाना जास्ती नै.”

“आन् गोळी बसली नाय तर?”

मिस्त्रीनं चष्म्यावरून बघितलं. “तो फिर अपना हाथ देखो.”

चैत्र लागला तेव्हा शेतं मोकळी झाली होती. मोंढा बंद असेल त्या दिवशी बन्सी काडी घेऊन नाल्यात उतरायचा. उंच मातीच्या कडेला त्यानं आंब्याची फळी उभी केली, फळीवर कोळशानं रुपयाएवढा ठिपका काढला आणि चाळीस पावलं मोजली. दगडावर धान्याचं अर्धं भरलेलं पोतं ठेवलं, म्हणजे काडी त्याच्यावर टेकवता येईल. हात शक्य तेवढा बाजूला काढायचा होता.

एका बोटापासून त्यानं सुरुवात केली. आवाज फटाक्यासारखा झाला आणि गोळी ठिपक्याच्या खाली वीतभर जाऊन फळीत अर्धीच रुतली. बोट फिरवलं तर बाहेर हाताला लागली. दीड बोट केलं. गोळी वर सरकली, पण तीन गोळ्या तीन ठिकाणी. दोन बोटं केली. पहिली गोळी ठिपक्यात. दुसरी तिच्या अंगावर. तिसरी दोघींच्या मध्ये.

तो घाई करत नव्हता. प्रत्येक बारानंतर ओली चिंधी गजाला लावून नळी पुसायची, मग कोरडी. मग पंधरा पावलं पुढं जाऊन मातीत पडलेली चिंधी शोधायची. गोळीबरोबर सुटलेली चिंधी वाटेतच गळून पडते. दोन बोटांच्या बाराला ती शाबूत मिळायची, मध्ये गोळीएवढा काळा डाग. त्यानं मुद्दाम तीन बोटं भरून पाहिली. काडी उसळली, खांद्याला झटका बसला, आणि चिंधी मिळाली ती मधोमध जळून भोक पडलेली. गोळी वर कुठंतरी, फळीच्या काठाला. जळकी चिंधी गोळीला धरून ठेवत नाही, पीळ तिला नीट फिरवत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चिंध्या तळहातावर मांडून तो स्वतःच शिकला.

वैशाखापर्यंत त्यानं दोन बोटांचे सतरा बार काढले. मोंढ्यातल्यासारखा मोजत, लाभ, दोन, तीन. सतराही गोळ्या हाताच्या पंजाखाली झाकतील अशा. मग पोतं काढून टाकून नुसत्या हातावर सहा. त्याही तिथंच.

म्हणजे बार बरोबर होता. दोन बोटं म्हणजे दोन बोटं, नानासाहेब बरोबर होते. बंदूक बरोबर होती. राहिला कोण?

तो फळीसमोर उकिडवा बसला. एका ठिपक्यात इतक्या गोळ्या बसवणारा हात त्या एका दिवशी हलला. ज्या दिवशी हलायला नको होता त्याच दिवशी. त्याला वाटलं, आपल्या हातात दुसरंच कुणी राहतं. रोज चांगलं वागतं, वाट बघतं.

“काडी जमा करून टाकतो,” तो घरी साळूबाईला म्हणाला.

“करा,” ती म्हणाली. “पण मग मोंढा बंद असला की दिवसभर फिरताल कुठं? घरात तर बसत नाय तुमी.”

पुढच्या वेळी तो नाल्यात गेला तो उरलेली दारू उडवून संपवायला. त्या दिवशी सांडू कुबडी टेकत मागून आला. दुपार कलली होती. तो दगडावर पाय लांब करून बसला.

“सारखं ठो ठो ऐकू येतंय. म्हनलं बघावं काय करायलाय.”

“काय नाय, दादा. नुसतं.”

“नुसतं?” सांडू हसला. “फळीनं तुझं काय घोडं मारलं? आन इकडं, मी भरतो. तू जा, फळी बघून ये. तेवढंच मला काम.”

बन्सी फळीकडे गेला. तिथून वळून पाहिलं तर सांडू मन लावून बार भरत होता. गज सोडला, बोटं लावली, थोडी दारू आणखी ओतली, पुन्हा बोटं लावली. अंगठ्यानं चिंधी दाबली, गोळी ठासली. परत येऊन बन्सीनं काडी घेतली, पोत्यावर टेकवली आणि चाप ओढला.

काडी उसळली.

गोळी ठिपक्याच्या वर वीतभर होती.

“हात हलला रे,” सांडू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटलं.

“व्हय,” बन्सी म्हणाला. “पुन्हा भर.”

सांडूनं पुन्हा भरली. बन्सीनं श्वास सोडला, थांबला, चाप ओढला. पुन्हा वर, वीतभर. पहिल्या गोळीच्या शेजारी. बन्सीनं पुढं जाऊन दोन्ही चिंध्या शोधल्या. दोन्ही मधोमध जळलेल्या. तो त्या हातात घेऊन उभा राहिला. मग येऊन स्वतः बार भरला, दोन बोटं, आणि गोळी ठिपक्यात गेली.

“ही बघ, आता कशी बसली,” सांडू म्हणाला. “तुझं मन लागत नाय, दुसरं काय.”

बन्सी सांडूच्या हाताकडे बघत होता. तो हात गजावर होता. दोन बोटं गजाला आडवी लागलेली, जाड, पहारीनं चेपून पसरलेली. त्यानं आपली बोटं पाहिली. मोंढ्यात तो परगावच्या शेतकऱ्याला विचारायचा, तुझी पायली कुठली? फुलंब्रीची की पैठणची? कारण गावागणिक पायली वेगळी. आणि काडीला दोन बोटं म्हणताना पाच वर्षांत एकदाही त्याच्या मनात आलं नाही की बोटं कुणाची.

मोठ्या बंदुकीत एवढ्यानं काही बिघडत नाही. तिथं छर्रे पसरतातच. काडीला बिघडतं.

पण खात्री नव्हती. दोन गोळ्यांवरून काय सांगणार? दुसऱ्या दिवशी तो मोंढ्याला गेलाच नाही. दुपारी सांडू ओट्यावर बाजेवर झोपला होता, हात खाली लोंबत होता. बन्सीनं कडब्यातलं एक चिपाड घेतलं, बाजेशेजारी बसला आणि सांडूच्या दोन बोटांना आडवं लावलं. बोटांच्या रुंदीवर नख रोवलं. मग तिथं मोडलं. मग आपल्या बोटांना लावून पाहिलं. सांडूच्या दोन बोटांत त्याची जवळजवळ पावणेतीन बोटं बसत होती.

“काय करायलाय भावजी?”

आवडाबाई दारात होती. तिच्या हातात घागर होती. बन्सीनं चिपाड मुठीत घेतलं. ती घागर खाली ठेवून जवळ आली, त्याची मूठ उघडून तिनं चिपाडाचा तुकडा घेतला, झोपलेल्या नवऱ्याच्या बोटांकडे पाहिलं, मग बन्सीच्या बोटांकडे. ती बंदुकीतलं काही जाणत नव्हती. पण त्या दिवशी काडी कुणी भरली होती ते तिला माहीत होतं. ओट्यावरच भरली होती, तिच्यासमोर.

“गोठ्याकडं चला,” ती हळू म्हणाली.

गोठ्यात बन्सीनं तिला सांगितलं. चिंध्यांचं, फळीचं, सगळं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. दसऱ्यापासून दाबलेलं होतं. “माझा हात हलला नव्हता, वैनी. हललाच नव्हता. मी कवाचा म्हनतोय मनातल्या मनात.”

ती खुंट्याला धरून उभी होती.

“मी लई बोलले तुमाला,” ती म्हणाली.

“त्याचं काय नाय. पन आता दादाला…”

“नका सांगू.”

“आं?”

“त्यांना सांगू नका, भावजी. तुमच्या पाया पडते.” तिनं खरंच हात जोडले. “रोज सकाळी उठत्यात ना, ते बन्सीचा नेम चुकला म्हनून उठत्यात. कुनाचा तरी चुकला. उद्या कळलं की आपल्याच हातानं आपली टांग गेली, तर हातांकडं कसं बघतील ते? त्या हातांशिवाय काय हाय त्यांच्याकडं?”

“आन् माझं काय?”

तिनं पदर तोंडाला लावला आणि घागर घ्यायला निघून गेली. बन्सी गोठ्यात उभा राहिला. बैल रवंथ करत होता. चैत्रापासून ज्याच्यासाठी तो नाल्यात जात होता ते हातात आलं होतं, चिपाडाच्या तुकड्याएवढं. आणि आता तो त्याचं काय करणार होता? फेकावं तर फेकवत नव्हतं. खिशात ठेवलं तर मांडीला टोचत होतं.

पावसाळाभर तो तसाच राहिला. मोंढ्यात वजन करताना मधेच थांबायचा. हमाल हाक मारायचे. आवडाबाईचं बोलणं बंद झालं, आणि ते सगळ्यांना चमत्कारिक वाटलं. सांडूनंच एकदा विचारलं, “ही तुला आता काय म्हनत नाय, काय बिनसलं का दोघांचं?” मग ती पुन्हा बोलू लागली, पण भांडं आपटायची नाही. टोमणा मारून चुलीकडे तोंड करायची.

श्रावणात भुईमुगाला आऱ्या सुटल्या, मातीत शेंगा धरू लागल्या. सांडू रोज माळ्याची आठवण काढू लागला. काडी यंदा तोच भरणार होता. बन्सी मोंढ्यातून येईपर्यंत ती तयार पाहिजे, डुकरं काय मोटारीची वाट बघत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. ते खरंही होतं.

बन्सीनं बांबूची एक बारीक कांडी घेतली. नाल्यात बसून, आपल्या दोन बोटांची दारू नळीतून पुन्हा काढून तिच्यात ओतली आणि दारू काठोकाठ बसेल तिथं कांडी कापली. घासून काठ गुळगुळीत केला. मग तेच माप पाच वेळा ओतून, गज सोडून पाहिलं. पाची वेळा सारखं. त्याच दिवशी तो ते घेऊन सांडूच्या ओट्यावर गेला. आवडाबाई सुपात तूर निवडत बसली होती. सांडूच्या मांडीवर काडी होती, तो तिला तेल लावत होता.

“हे घे,” बन्सी म्हणाला. “आता बोटं नाय लावायची. हे एक माप भरायचं, काठोकाठ, आन् ओतायचं.”

सांडूनं कांडी फिरवून बघितली.

“कामून? माझी बोटं काय नासली का?”

आवडाबाईचे हात सुपात थांबले.

बन्सीनं सांडूकडे पाहिलं. खरं सांगायचं तर एवढंच होतं: एक वाक्य. ते तोंडापाशी आलं. सांडूची बोटं कांडीवर होती, तेलानं चकाकत होती. त्या बोटांनी दहा गावांना पाणी दाखवलं होतं.

“तुझ्या बोटांचं नाय, दादा,” तो म्हणाला. “माझ्याच हाताचा भरवसा ऱ्हायला नाय मला. निदान बार तरी दरखेपी सारखा असावा. म्हंजी चुकलं तर कळंल, मीच चुकलो.”

सांडूनं काडी बाजूला ठेवली आणि बन्सीला खूण करून जवळ बसवलं. त्याचा जड हात बन्सीच्या मानेवर पडला.

“बन्स्या,” तो म्हणाला, “तू ते एवढं मनाला लावून घेतलंस व्हय? मी काय तुला कधी बोललो का? हात हाय मानसाचा. हलतो. मी तुझ्या जागी असतो तर माझा बी हलला असता.” त्यानं बन्सीची मान हलकेच हलवली. “जा. मी तुला माफ केलं. आज या ओट्यावर सांगतो. आता डोक्यातनं काढ.”

त्याच्या चेहऱ्यावर वर्षभरात नव्हतं असं काहीतरी आलं होतं. मोठेपणा म्हणावा का ते कळत नाही. विहिरीला पाणी लागल्यावर वर येताना त्याचा चेहरा असा व्हायचा.

“व्हय, दादा,” बन्सी म्हणाला.

आवडाबाई उठली आणि सूप तसंच उचलून आत गेली. निवडलेली आणि न निवडलेली तूर एक झाली.

“हिला काय झालं?” सांडू म्हणाला. बन्सीनं खिशातली चिंधी काढली. “बरं, भरू का तुझ्या मापानं? बघू तरी.”

त्यानं कांडी दारूनं काठोकाठ भरली, जपून, जीभ बाहेर काढून, आणि नळीत ओतली. एक दाणा बाहेर सांडला नाही. बन्सीनं नळीच्या तोंडावर चिंधी ठेवली, चिंधीवर गोळी ठेवली, गज उचलला आणि दाबला. गोळी खाली सरकत गेली, दारूला टेकली, आणखी खाली जायला जागा उरली नाही. तरी तो दाबतच राहिला, मनगटाच्या शिरा वर येईपर्यंत.

“बस की आता,” सांडू म्हणाला. “बसली ती.”